स्कॉटलंड यार्डला ठसे ओळखायला कोलकात्याने शिकवलं, श्रेय मात्र एकट्या एडवर्ड हेन्रींना मिळालं

भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात एक दृश्य हमखास दिसतं. दुकानदार मशीन पुढे सरकवतो, समोरची बाई अंगठा टेकवते आणि मशीन पावती काढतं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत कधी कधी बोटांच्या रेघा इतक्या झिजलेल्या असतात की मशीन अंगठा ओळखतच नाही. मग दुसरं बोट लावून बघावं लागतं.

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात शेताची खरेदी झाली की अंगठा. बँकेत सही येत नसेल तर अंगठा. आणि पोलिसांनी एखाद्याला गुन्ह्यात अटक केली, तर नुसता अंगठा नाही, दहाच्या दहा बोटांचे ठसे.

पण हजारो, लाखो माणसांच्या ठशांमधून नेमका एकाच माणसाचा ठसा शोधायचा कसा? आज हे काम कॉम्प्युटर काही सेकंदांत करतो. सव्वाशे वर्षांपूर्वी कॉम्प्युटर नव्हता, तरीही पोलीस हे काम काही मिनिटांत करायला शिकले होते.

जगभरातल्या पोलिसांना हे शिकवणारी पद्धत 'हेन्री पद्धत' या नावाने ओळखली जाते. पोलिसांनी एकमेकांच्या देशात जाऊन शिकायचं, आपलं तंत्र दुसऱ्याला शिकवायचं, ही गोष्ट आज नेहमीची झालीय. तिची एक मोठी सुरुवात याच पद्धतीतून झाली. लंडनने ती अमेरिकेला शिकवली, अमेरिकेत आलेल्या कॅनडाच्या माणसाने ती आपल्या देशात नेली. पण लंडनला ती कुणी शिकवली?

त्याचं उत्तर आहे कोलकाता.

ही गोष्ट आहे सर एडवर्ड रिचर्ड हेन्री यांची. आणि त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या दोन भारतीय फौजदारांची, ज्यांची नावं जगाला फार उशिरा कळली.

डॉक्टरचा मुलगा, विमा बाजारातला कारकून

एडवर्ड हेन्री यांचा जन्म २६ जुलै १८५० रोजी लंडनच्या शॅडवेल भागात झाला. शॅडवेल म्हणजे थेम्स नदीच्या काठची गोदीची वस्ती. आईवडील आयरिश आणि वडील डॉक्टर.

सोळाव्या वर्षी हेन्री लॉइड्स या लंडनच्या प्रसिद्ध विमा बाजारात कारकून म्हणून चिकटले. दिवसा नोकरी करायची आणि संध्याकाळी युनिव्हर्सिटी कॉलेजच्या वर्गांना बसायचं. डोक्यात होती इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा.

१८७३ मध्ये ते ही परीक्षा पास झाले आणि त्याच वर्षी बोटीने भारताकडे निघाले. नेमणूक मिळाली बंगाल प्रांतात, असिस्टंट मॅजिस्ट्रेट आणि कलेक्टर म्हणून. त्यांनी हिंदी आणि उर्दू शिकून घेतली. पुढची अठरा वर्षं महसूल, कोर्टकचेरी आणि फायली यांतच गेली.

२ एप्रिल १८९१ रोजी त्यांना बंगाल पोलिसांचा इन्स्पेक्टर जनरल करण्यात आलं. म्हणजे पोलीस खात्यात न वाढलेला माणूस थेट खात्याच्या डोक्यावर येऊन बसला. त्या वेळचा बंगाल प्रांत म्हणजे आजचा पश्चिम बंगाल, बांगलादेश, बिहार, झारखंड आणि ओडिशाचा मोठा भाग. एवढ्या मोठ्या प्रांतात पोलिसांपुढची सगळ्यात मोठी अडचण तशी साधीच होती. पकडलेला माणूस नेमका कोण आहे?

नाव बदललं की माणूस बदलला

एका जिल्ह्यात चोरी करून शिक्षा भोगलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात पकडला गेला की वेगळंच नाव सांगायचा. गाव वेगळं, बापाचं नाव वेगळं. त्याचा जुना गुन्हा सिद्ध करायचा, तर जुन्या जेलमधल्या शिपायाला बोलावून चेहरा ओळखायला लावायचा. त्यात निरपराध माणूस अडकण्याची भीतीही तेवढीच.

युरोपात तेव्हा पॅरिसच्या आल्फाँस बर्तियाँ यांच्या पद्धतीची चलती होती. माणसाच्या डोक्याची लांबी-रुंदी, हाताचं मधलं बोट, पाऊल, कोपरापासूनचा हात अशी मापं घ्यायची आणि कार्डावर नोंदवायची. हेन्रींनी ही पद्धत बंगालमध्येही सुरू केली.

पण तिच्यात घोळ होते. मापं घ्यायची उपकरणं महाग. ती वापरायला माणसाला बराच सराव लागायचा. एका शिपायाने घेतलेलं माप दुसऱ्याच्या मापाशी जुळायचं नाही. थोडा फरक पडला की कार्ड सापडायचं नाही. बरं, वाढत्या वयाच्या पोरांची मापं तर दरवर्षी बदलणार.

ठशांची कल्पना मात्र बंगालला नवी नव्हती. १८५८ मध्ये जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला होता. पुढे १८७७ पासून हुगळीत हर्शेल यांनी पेन्शन, दस्त नोंदणी आणि जेलच्या कामात ठसे वापरले. दस्तावर अंगठा उमटवण्याच्या सरकारी पद्धतीचं मूळ इथे आहे.

१८९२ मध्ये लंडनच्या फ्रान्सिस गाल्टन यांचं ठशांवरचं पुस्तक आलं. प्रत्येकाचे ठसे वेगळे असतात आणि ते आयुष्यभर बदलत नाहीत, हे त्यांनी अभ्यास करून मांडलं. हेन्रींनी गाल्टन यांच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. रजेवर इंग्लंडला गेल्यावर १८९४ मध्ये त्यांची भेटही घेतली.

जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी बंगाल पोलिसांना हुकूम दिला की कैद्यांच्या मापांसोबत बोटांचे ठसेही घ्यायचे.

ठसे गोळा व्हायला लागले. पण खरी अडचण आता सुरू झाली.

समजा तुमच्याकडे पन्नास हजार कार्डं आहेत आणि आज पकडलेल्या माणसाचं कार्ड त्यात आहे का, हे बघायचंय. एकेक कार्ड भिंगाखाली धरून तपासायला कित्येक दिवस जातील. नाव खोटं, त्यामुळे नावाप्रमाणे लावून उपयोग नाही. ठसाच असा काही वाचता आला पाहिजे की त्यातून थेट कप्प्याचा नंबर मिळेल.

गाल्टन यांनाही मोठ्या साठ्यासाठी हे नीट जमलं नव्हतं.

दोन फौजदार आणि १०२४ कप्पे

हेन्रींच्या ऑफिसात दोन सब-इन्स्पेक्टर होते, काझी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस.

अझिझुल हक खुलना जिल्ह्यातले. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले आणि गणितात हुशार. १८९२ मध्ये ते पोलिसात लागले. बोस वयाने त्यांच्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठे.

१८९६ च्या मध्यापासून १८९७ च्या सुरुवातीपर्यंत या ऑफिसात ठशांच्या वर्गवारीचं काम झालं. हक यांनी त्यातली गणिताची बाजू उभी केली. ती समजायला सोपी आहे.

ठशात मुख्यतः तीन आकार दिसतात. रेघा एका बाजूने येऊन वळसा घेऊन त्याच बाजूला परत गेल्या तर फास, गोल गोल फिरल्या तर चक्र आणि कमानीसारख्या एका बाजूने येऊन दुसरीकडे निघून गेल्या तर कमान. साधारण साठ ते पासष्ट टक्के ठसे फासाचे असतात, तीसेक टक्के चक्राचे, बाकी थोड्या कमानी.

आता दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या. उजवा अंगठा आणि त्याशेजारचं बोट ही पहिली जोडी. तिथे चक्र असेल तर प्रत्येकी १६ गुण. पुढच्या जोडीला ८, मग ४, मग २ आणि शेवटच्या जोडीला १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या बोटाचे गुण वर मिळवायचे, पहिल्या बोटाचे खाली. दोन्हीकडे एकेक वाढवायचा. झाला अपूर्णांक तयार.

उदाहरण घ्या. एखाद्याच्या फक्त उजव्या अंगठ्यावर आणि उजव्या अनामिकेवर चक्र आहे. अंगठ्याचे १६ खाली, अनामिकेचे ८ वर. एकेक मिळवला की वर ९ आणि खाली १७. म्हणजे या माणसाचं कार्ड ९/१७ च्या कप्प्यात.

वर १ ते ३२ आणि खाली १ ते ३२. बत्तीस गुणिले बत्तीस, एकूण १०२४ कप्पे. भिंतीला लागून लाकडी खणांचं कपाट करायचं, आडवे ३२ आणि उभे ३२. गर्दीच्या कप्प्यांत रेघा मोजून आणखी पोटभाग पाडायचे. माणूस नाव काहीही सांगो, त्याची बोटंच कप्पा दाखवणार.

विशेष म्हणजे यासाठी लागायची फक्त काळी शाई, एक पत्रा आणि कागद. ठाण्यातल्या शिपायाला ठसे घ्यायला शिकवणं, हे मापं घ्यायला शिकवण्यापेक्षा कितीतरी सोपं होतं.

बोस यांनी पुढे ठशांचं वर्णन तारेने पाठवता येईल अशी सांकेतिक लिपी तयार केली. म्हणजे कागद टपालाने जायची वाट न बघता एका शहरातून दुसऱ्या शहरात ठसा 'सांगता' यायला लागला.

सरकारने मान्यता दिली, पंचांगाने पुरावा दिला

१८९७ मध्ये भारत सरकारने एक समिती नेमली. सर्व्हेयर जनरल चार्ल्स स्ट्रॅहन आणि रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर पेडलर हे तिचे सदस्य. त्यांनी कोलकात्यात येऊन दोन्ही पद्धती तपासल्या. ठसे स्वस्त, सोपे, झटपट आणि जास्त खात्रीचे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला.

१२ जून १८९७ रोजी सरकारी ठराव झाला. गुन्हेगारांची ओळख पटवायला ब्रिटिश हिंदुस्थानात ठशांची पद्धत लागू झाली. भंडारा तेव्हा मध्य प्रांतातला जिल्हा होता, त्यामुळे तोही या ठरावाखाली आला. कोलकात्यातलं मापांचं ऑफिस ठशांचं ब्युरो झालं. ठशांच्या वर्गवारीवर चालणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या ब्युरोंपैकी हा एक. त्याच काळात अर्जेंटिनात हुआन वुसेतिच यांनी स्वतःची वेगळी पद्धत उभी केली होती आणि दक्षिण अमेरिकेत ती चालली, हेही सांगायला हवं.

लगेचच एक केस उभी राहिली. जलपैगुडीच्या एका चहाच्या मळ्याचा मॅनेजर गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. पेटीतले पैसे गायब. तिथल्या एका बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या बोटाचा डाग होता. ब्युरोत तपासणी झाली, तेव्हा तो मॅनेजरचा जुना नोकर कांगाली चरण याच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. आधीच्या चोरीत शिक्षा झाल्यामुळे त्याचे ठसे साठ्यात होते. १८९८ मध्ये कोर्टाने त्याला चोरीबद्दल दोषी धरलं. खुनातून मात्र सोडलं, कारण खून करताना कुणी बघितलं नव्हतं. ठशाने माणूस तिथे होता हे सांगितलं. त्याने काय केलं, हे ठसा सांगू शकत नव्हता. ठशाची ही मर्यादा आजही तेवढीच खरी आहे.

१८९९ मध्ये पुरावा कायद्यात दुरुस्ती होऊन ठसेतज्ज्ञाचं मत कोर्टात ग्राह्य धरलं जाऊ लागलं.

कोलकात्याची पद्धत लंडनला जाते

१८९९ मध्ये हेन्रींनी इंग्लंडमधल्या डोव्हर इथे शास्त्रज्ञांच्या परिषदेत आपली पद्धत मांडली. १९०० मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्याच वर्षी लंडनमध्ये बेल्पर समितीसमोर त्यांनी साक्ष दिली. मापं आणि ठसे यांची खिचडी करून चालणाऱ्या ब्रिटिश पोलिसांनी आता फक्त ठसे घ्यावेत, असा प्रवाह त्यातून तयार झाला.

पण मधेच त्यांना दक्षिण आफ्रिकेत पाठवण्यात आलं. बोअर युद्ध चालू होतं आणि जोहान्सबर्ग, प्रिटोरियात नवीन पोलीस दल उभं करायचं होतं. बंगालमध्ये शिकलेलं सगळं त्यांनी तिकडे नेलं, ठशांसकट.

१९०१ मध्ये त्यांना परत बोलावून स्कॉटलंड यार्डमध्ये गुन्हे विभागाचा असिस्टंट कमिशनर करण्यात आलं. १ जुलै १९०१ रोजी तिथे ठशांचं ब्युरो सुरू झालं. हाताखाली मोजकी माणसं होती, त्यातलेच एक चार्ल्स कॉलिन्स. ही माणसं लंडनमध्ये बसून कोलकात्यात ठरलेलं गणित शिकत होती.

पहिल्या सहा महिन्यांत ९३ जणांची ओळख पटली. १९०२ च्या वर्षभरात हा आकडा १७२२ वर गेला.

१९०२ च्या एप्सम डर्बीच्या घोड्यांच्या शर्यतीला तर ठसेवाले थेट मैदानाजवळच बसले. पकडलेल्या ५४ जणांचे ठसे रातोरात तपासले आणि २९ जण जुने गुन्हेगार निघाले. सकाळी कोर्टात खोटं नाव सांगणाऱ्यांचा सगळा इतिहास पोलिसांच्या हातात होता.

त्याच वर्षी हॅरी जॅक्सन नावाचा चोर एका घरातून बिलियर्डचे चेंडू चोरताना खिडकीच्या ताज्या रंगावर अंगठा उमटवून गेला आणि त्यावरून पकडला गेला. १९०५ मध्ये डेप्टफर्डच्या दुकानात फॅरो नवराबायकोचा खून झाला. पैशाच्या डब्यावर अंगठ्याचा ठसा सापडला. कॉलिन्स यांनी ज्युरीसमोर ठसा समजावून सांगितला आणि स्ट्रॅटन बंधूंना फाशी झाली. ब्रिटनमध्ये खुनाच्या खटल्यात ठशावरून झालेली ही पहिली शिक्षा.

मग सगळं जग शिकायला आलं

१९०३ मध्ये हेन्री लंडन पोलिसांचे कमिशनर झाले. गुन्हेगार बोटीत बसून समुद्र ओलांडतो, तर पोलिसाचं ज्ञानही समुद्र ओलांडून गेलं पाहिजे, हे त्यांच्या कारकिर्दीत प्रत्यक्षात आलं.

१९०४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. राणी व्हिक्टोरियाला मिळालेल्या मौल्यवान भेटवस्तू तिथे मांडल्या होत्या. त्यांच्या बंदोबस्ताला स्कॉटलंड यार्डचे जॉन केनेथ फेरियर गेले. त्यांनी बंदोबस्त तर केलाच, पण तिथल्या पोलिसांना ठसे घ्यायला, वाचायला आणि कप्प्यात लावायलाही शिकवलं. त्याच वर्षी सेंट लुइस पोलिसांनी स्वतःचं ठसा ब्युरो सुरू केलं.

त्यांच्याकडून शिकलेल्या मेरी हॉलंड या बाईंनी पुढे अमेरिकेत इतरांना हे तंत्र शिकवलं. प्रदर्शनात आलेले कॅनडाचे एडवर्ड फॉस्टर फेरियर यांना भेटले आणि त्यांच्याच धडपडीतून १९११ मध्ये कॅनडाचं राष्ट्रीय ब्युरो उभं राहिलं.

न्यूयॉर्क पोलिसांचे जोसेफ फोरो तर लंडनला जाऊन शिकून आले. १९०६ मध्ये त्यांनी वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलात एका संशयिताला पकडलं. तो आपण सभ्य इंग्लिश गृहस्थ असल्याचं सांगत होता. फोरो यांनी त्याचे ठसे टपालाने लंडनला पाठवले. उत्तर आलं की हा सराईत हॉटेलचोर आहे. दोन देशांच्या पोलिसांना एकमेकांचा कागद वाचता आला, कारण दोघांचं शिक्षण एकाच पद्धतीत झालं होतं.

१९२४ मध्ये पुढे एफबीआय झालेल्या अमेरिकन ब्युरोने ओळख विभाग काढला, तोही याच वर्गवारीवर.

लंडनच्या शिपायांसाठीही हेन्रींनी बरंच केलं. १९०७ मध्ये पील हाऊस ही नव्या भरतीसाठीची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. कायदा, रिपोर्ट लिहिणं, प्रथमोपचार या गोष्टी शिकूनच शिपाई रस्त्यावर यायला लागला.

ठशाची दुसरी बाजू

पण शिकवलेलं तंत्र कुणाच्या हातात जातं, यावर बरंच काही ठरतं.

हेन्रींनी दक्षिण आफ्रिकेत नेलेली ठशांची पद्धत काही वर्षांत तिथल्या भारतीयांच्याच मागे लागली. १९०६ मध्ये ट्रान्सवालमध्ये भारतीयांना सक्तीने नोंदणी करून दहा बोटांचे ठसे द्यायला लावणारा वटहुकूम आला. मोहनदास गांधी नावाच्या वकिलाने त्याविरुद्ध लोकांना उभं केलं. गांधींनी हेन्रींचं पुस्तक वाचलं होतं. दहा बोटांचे ठसे कायद्याने फक्त गुन्हेगारांकडून घेतले जातात, हे त्यांनी त्यातूनच टिपलं. सत्याग्रहाची सुरुवात ज्या लढ्यात झाली, त्याच्या मुळाशी हे ठसेही होते.

इकडे भारतात १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने नोंद झालेल्या कुणाचेही ठसे कधीही घ्यायचा अधिकार सरकारला दिला. गुन्हा केलेला असो वा नसो, जन्माने त्या जमातीत असणं पुरेसं होतं. महाराष्ट्रातल्या पारधी, कैकाडी, भामटा अशा समाजांनी या कायद्याचा जाच दशकानुदशकं सोसला. तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं.

खोटं नाव सांगणाऱ्याला पकडायला आणि निरपराधाला वाचवायला निघालेलं तंत्र अख्ख्या समाजावर शिक्का मारायलाही वापरलं गेलं.

गोळी झाडणाऱ्याला मदत, संप करणाऱ्यांपुढे हार

२७ नोव्हेंबर १९१२ रोजी हेन्री केन्सिंग्टनमधल्या आपल्या घरासमोर गाडीतून उतरले. आल्फ्रेड बोज नावाच्या तरुणाने त्यांच्यावर तीन गोळ्या झाडल्या. त्यातली एक लागली. टॅक्सी चालवायचं लायसन्स नाकारलं म्हणून तो चिडला होता.

हेन्री वाचले, पण त्या जखमेचं दुखणं आयुष्यभर राहिलं. तरी कोर्टात त्यांनी बोजला दया दाखवावी अशी विनंती केली. विधवा आईला सांभाळायला तो धडपडत होता, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९२२ मध्ये बोज सुटला, तेव्हा कॅनडाला जाऊन नव्याने सुरुवात करण्यासाठी त्याच्या प्रवासाचा खर्चही हेन्रींनीच दिला.

त्यांची कारकीर्द डागाशिवाय होती असं नाही. १८ नोव्हेंबर १९१० रोजी मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांना संसदेबाहेर पोलिसांनी मारहाण केली. 'ब्लॅक फ्रायडे' म्हणून तो दिवस ओळखला जातो. तेव्हा कमिशनर हेन्रीच होते.

शेवट झाला तो त्यांच्याच शिपायांमुळे. पहिल्या महायुद्धात महागाई वाढली, पगार जागच्या जागी राहिला आणि संघटना करायला बंदी होती. संघटनेत काम करणाऱ्या एका शिपायाला काढून टाकलं गेलं. ३० ऑगस्ट १९१८ रोजी लंडनचे हजारो पोलीस संपावर गेले. हेन्री तेव्हा रजेवर होते. ज्यांना शिकवलं, त्यांच्याच मनात काय चाललंय, हे कमिशनरच्या खोलीपर्यंत पोचलं नव्हतं. ३१ ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला.

मोतिहारीतला निवृत्त अधिकारी

आता पुन्हा त्या दोन फौजदारांकडे.

जगभरच्या अभ्यासक्रमात पद्धतीचं नाव 'हेन्री'. पुस्तकावर नाव एकट्या हेन्रींचं. सेंट लुइसमध्ये शिकणाऱ्या पोलिसाला १०२४ कप्प्यांचं गणित पाठ व्हायचं, पण हक आणि बोस ही नावं कधी कानावर पडायची नाहीत.

हक पुढे बिहारमध्ये नोकरी करून मोतिहारीत स्थायिक झाले. आपल्या कामाची दखल घ्यावी म्हणून त्यांनी सरकारकडे अर्ज केला. तो फिरत फिरत लंडनपर्यंत पोचला आणि तिथे निवृत्त झालेल्या हेन्रींना विचारणा झाली.

१९२६ मध्ये हेन्रींनी लेखी कळवलं की वर्गवारी पक्की करण्यात त्यांच्या ऑफिसातल्या इतर कुणाहीपेक्षा हक यांचा वाटा जास्त होता. पद्धत बनल्यानंतर जवळपास तीस वर्षांनी आलेली ही कबुली होती.

हक यांना खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर हा किताब मिळाला. दोघांना पाच-पाच हजार रुपयांचं मानधनही मिळालं. पण पद्धतीचं नाव बदललं नाही.

हेन्री १९ फेब्रुवारी १९३१ रोजी इंग्लंडमधल्या अॅस्कॉटजवळच्या घरी हृदयविकाराने वारले. हक १९३५ मध्ये मोतिहारीत गेले. बोस १९४९ पर्यंत जगले, स्वतंत्र भारत बघून गेले.

पुढे ब्रिटनच्याच फिंगरप्रिंट सोसायटीने ठशांच्या क्षेत्रात नवं काम करणाऱ्यांसाठी हक आणि बोस यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. ज्या देशात श्रेय हरवलं, तिथूनच ते थोडंफार परत आलं.

आज काय उरलंय?

लाकडी कप्पे गेले. महाराष्ट्रात सीआयडीचं अंगुलीमुद्रा केंद्र पुण्यात आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यात ठसेतज्ज्ञ आहेत. राज्याची अँबिस प्रणाली आहे, देशपातळीवर २०२२ पासून नाफीस आहे. कॉम्प्युटर आता रेघांच्या टोकांवरून आणि फाट्यांवरून ठसा जुळवतो, कप्प्याचा अपूर्णांक काढत बसत नाही. त्याच वर्षी आलेल्या नव्या कायद्याने कुणाकुणाची मापं आणि ठसे घ्यायचे याची व्याप्ती वाढवली आणि गांधींनी विचारलेला प्रश्न पुन्हा चर्चेत आला.

तरी भंडाऱ्यात एखादा नवा पोलीस ठसे घ्यायला शिकतो, तेव्हा तो सुरुवात उजव्या अंगठ्यापासून करतो. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवतो. मग क्रमाने बाकीची बोटं. चक्र, फास आणि कमान ओळखतो. लंडनचा पोलीसही हेच शिकतो आणि न्यूयॉर्कचाही.

हा धडा या सगळ्यांना कोलकात्याच्या एका सरकारी ऑफिसातून आलाय. त्यावर सही हेन्रींची आहे, पण त्यातलं गणित अझिझुल हक यांचं आणि तारेची भाषा हेमचंद्र बोस यांची.